उन्हावरचे काळे लाडू

माझ्या लग्नाची चूल पुजली आणि त्याच चुलीपुढून माझ्या मायला उठवलं. गोष्ट इथून सुरू होते. आमच्या घरात ती सांगताना जो तो आपल्या सोयीपुरती सांगतो, चुलते तर थेट लाडवांपासूनच सुरुवात करतात, म्हणून मी आधीच चुलीपासून धरली.

साखऱ्याला आमचं घर शेतीवाडीचं, माणसांनी भरलेलं. बाप वारल्यावर कारभार थोरल्या चुलत्यांच्या, माणिकरावांच्या हाती आला, आणि माणिकराव द्वारकाबाईच्या हाती होते. ही त्यांची बायको, माझी मोठी माय. निजामाच्या राज्यातला तो काळ, मोठी लढाई अजून लागायची होती. बापाचं आजारपण, मग सुतक, मग वर्षश्राद्ध, असं करत माझं लग्न लांबत गेलं आणि मी अठराची झाले. गाव मला घोडनवरी म्हणायचं, तेही तोंडावर. वारंग्याच्या तातेरावांचं स्थळ जुळलं तेव्हा सगळ्यांच्याच जिवात जीव आला, आणि सगळ्यांत जास्त मायच्या. शकुबाई तिचं नाव. हे नाव ध्यानात ठेवा, कारण सारं भांडण त्या नावाचंच होतं.

आमच्याकडे लग्नाच्या आधी चांगला दिवस बघून फराळाची चूल पुजतात. पाच सवाष्णी चुलीला हळदकुंकू लावतात, जात्याला हळकुंड बांधतात, आणि तिथून पुढं लग्न उरकेपर्यंत त्या चुलीला आणि त्या जात्याला विधवेनं शिवायचं नाही. माय त्या दिवशी सकाळपासून तिथंच होती. सरपण तिनं रचलं, चूल तिनं सारवली, कढया तिनं घासल्या. सारवण वाळलं, सवाष्णी जमल्या, तशी मोठी माय गोड आवाजात म्हणाली, "शकू, ऊठ आता. पुढचं आमी बघतो."

माय उठली. हाताची राख झटकत मागल्या दारी निघून गेली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, आणि तिचं न रडणं मला फारसं चांगलं लक्षण वाटलं नाही.

मायला काय हवं होतं ते सांगते. माझ्या रुखवतात तिला एक ताट हवं होतं. रुखवत म्हणजे नवरीकडून नवऱ्याच्या बिऱ्हाडी वाजतगाजत जाणारी फराळाची ताटं. तिथं एकेका ताटावरचं फडकं काढताना सवाष्ण मोठ्यानं सांगते, हे अमकीच्या हातचं, ते तमकीच्या हातचं. गावातल्या ज्या बाईला धड वरण येत नाही तिचंही नाव त्या दिवशी घेतात. पोटच्या पोरीच्या लग्नात माझ्या मायचं तेवढं घ्यायचं नव्हतं. का, तर नवरा मेला होता. जसा काही तिनंच मारला होता.

दुपारी मी तिला शोधत गेले, तर गोठ्याशेजारच्या पडवीत ती जुना पाटा-वरवंटा धूत बसली होती. मी विचारलं, हे काय चाललंय. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या रुखवताचे लाडू करून राहिले." चुलीवाचून लाडू कसे होणार, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, तुझ्या बापाला केले होते तसे. मग मी पुढं काही विचारलं नाही, कारण ते लाडू मी खाल्ले होते.

बाप खाटेला खिळला तेव्हा त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. माय त्याच्यासाठी स्टेशनामागं एक खोली घेऊन राहिली. खोलीवर गवताचं छप्पर, म्हणून मालकानं चूल पेटवायची नाही अशी अट घातलेली. शेजारी रेल्वेच्या गार्डाचं बिऱ्हाड होतं, मद्रासकडचं. गार्डाच्या बायकोला सगळे अम्मा म्हणत. अम्माला मराठी येत नव्हती, मायला तिची भाषा येत नव्हती, त्यामुळं दोघींचं फार छान जमलं. अम्मा सकाळ-संध्याकाळ कॉफी करायची आणि पितळी पेला भरून मायला द्यायची. आमच्या गावात तोवर कॉफी कोणी पाहिली नव्हती. एखादा म्हातारा तिला बुंद म्हणून ओळखायचा, तेही औषध म्हणून.

बापाचं अन्न तुटलं होतं. चूल नाही म्हणून माय फुटाण्याचं डाळं वाटायची, त्यात गूळ-तूप कालवून द्यायची, आणि तो घास त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. एक दिवस अम्माच्या भांड्याच्या तळाशी घट्ट काळी कॉफी उरली होती. मायनं ती त्या पिठात घातली आणि सुपारीएवढे गोळे वळले. बापानं एक खाल्ला आणि दुसरा मागितला. कडसर, गोड, जिभेवर ठेवला की विरघळणारा. त्यानंतर शेवटपर्यंत त्यानं दुसरं काही खाल्लं नाही.

मी भेटायला गेले तेव्हा त्यानं अर्धा लाडू मोडून माझ्या हातावर ठेवला. मी तोंड वाकडं केलं, मग बोटं चाटली. बाप हसला आणि मायला म्हणाला, "शकू, पारूच्या लग्नात हेच कर. पाव्हण्यायला वाटंल, आफू खाऊ घालून राहिले." आपल्याच बोलण्यावर त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला. मी पाहिलेलं त्याचं ते शेवटचं हसू.

आता लग्नाच्या घरात कॉफी आणायची कशी, हा प्रश्न होता. बस्ता बांधायला माणिकराव हिंगोलीला जाणार होते, पण त्यांना सांगणं म्हणजे मोठ्या मायला सांगणं. आमच्याकडं तांड्यावरची जिवनबाई तूप घालायला यायची. हिंगोलीच्या बाजाराला तिचा फेरा असायचा. मायनं तिला खोलीची खूण सांगितली आणि अम्माला द्यायला नवी हळद पुरचुंडीत बांधून दिली. जिवनबाई बाजार करून आली ती पाटीत भुकटीचा डबा घेऊन. अम्मानं हळद डोळ्यांना लावली आणि घरातला होता तेवढा डबा तसाच उचलून दिला, असं तिनं सांगितलं. चूल का चालत नाही तेही जिवनबाईनं मायकडून विचारून घेतलं. सगळं ऐकून म्हणाली की मला असं कोणी उठवलं असतं तर मी ती चूलच उपटून घरी नेली असती. मायला ते ऐकून फार बरं वाटलं.

चूल उपटायची गरज पडली नाही. वैशाख चालू होता. आमच्या मागल्या अंगणात न्हाणीचा काळा दगड आहे, त्या दिवसांत दुपारी त्याच्यावर पाय ठेवला तर फोड येतो. मायनं तांब्यात पाणी आणि कॉफीची भुकटी घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि तांब्या त्या दगडावर ठेवून दिला. दुपार कलेपर्यंत पाणी काळंभोर झालं. ते गाळून तिनं परातीत पातळ पसरलं आणि धूळ पडू नये म्हणून वर जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधला. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पाणी उडून गेलं आणि तळाला काकवीसारखा दाट अर्क राहिला. बोट लावून तिनं चाखला आणि डोळे मिटले. मी तेव्हा तिच्याकडं बघितलं नाही, दुसरीकडं बघितलं.

गूळ तिनं बारीक चिरला आणि तुपात घालून तोही उन्हात ठेवला. थोड्या वेळात तो लोण्यासारखा मऊ झाला. हळकुंड बांधलेल्या जात्याला हात लावायचा नव्हता, म्हणून डाळं पाट्यावर वाटलं आणि पातळ फडक्यातून चाळलं, एकही कणी दाताखाली येऊ नये म्हणून. मग पीठ, गूळ-तूप आणि अर्क एकत्र मळायला घेतलं. पहिल्या खेपेला गोळा हाताला असा चिकटला की सुटेना. अर्क जास्त पडला होता. आणखी डाळं वाटावं लागलं, ते मी वाटलं. नवरीनं उन्हात जाऊ नये, रंग उतरतो, म्हणतात. मी गेले. वरवंट्यानं हाताला फोड आले ते वेगळेच. तातेराव काही माझे हात बघून हुंडा ठरवायला बसले नव्हते.

वळलेले लाडू आम्ही पळसाच्या पानांवर ठेवून रांजणाखालच्या ओल्या वाळूवर मांडले. तिथल्या गारव्यानं ते घट्ट झाले. माय एकेक उचलून बघायची आणि पुन्हा ठेवायची. बाप गेल्यापासून मी तिला इतकी मग्न कधी पाहिली नव्हती.

मोठ्या मायला वासानं कळलं. तो वासच असा की दडपून ठेवता येत नाही. ती मागल्या दारी आली, वाळूवरचे लाडू बघितले आणि छातीला हात लावून उभी राहिली. लग्नाच्या घरात काळं. त्यात हे दिराच्या शेवटच्या दिवसांतलं खाणं, हे तिला ठाऊक होतं. मेल्या माणसाच्या तोंडचं पोरीच्या रुखवतात घालायचं का, उद्या पोरीच्या कुंकवाचं काही बरंवाईट झालं तर कोणाचं नाव घ्यायचं, असं ती म्हणत राहिली. मी तिला दुष्ट म्हणणार नाही. तिची भीती खरी होती, माझ्यावरची मायाही खरी होती. पण खऱ्या भीतीनंसुद्धा माणसं दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवतातच.

माणिकरावांना बोलावणं गेलं. बांधावरच्या भांडणात उभे राहतात तसे ते दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले, लाडवांकडं बघितलं आणि निकाल दिला. मांडवात तमाशा नको, हे गड्यांना वाटून टाका.

थोरल्या दिरापुढं मायनं आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. काही सांगायचं तर दाराआडून, तेही लेकरांच्या तोंडून. त्या दिवशी तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"चुलीला शिवू नको म्हणले, शिवले न्हाई," ती म्हणाली. "जात्याला शिवू नको म्हणले, त्यालाबी शिवले न्हाई. आता उन्हाला कोण्या सवाष्णीनं हळकुंड बांधलं, ते दाखवा मला."

माणिकरावांनी वर सूर्याकडं बघितलं, जसं काही खरंच बांधलेलं दिसेल. मग ते मांडवाकडं निघून गेले.

मोठ्या मायनं मग तोड काढली. तिच्या मतानं ती भली तोड होती. लाडू खोबऱ्याच्या किसात घोळव, पांढरे दिसतील. मी माझ्या हातचे म्हणून सांगते, म्हणजे कोणी काही विचारणार नाही, आणि तुझे लाडू रुखवतात गेल्यासारखं होईल. हे ती इतक्या समजुतीनं म्हणाली की मला क्षणभर पटलंसुद्धा.

मायला पटलं नाही. डब्यात कोरडी भुकटी उरली होती ती तिनं ताटलीत ओतली आणि एकेक लाडू तिच्यात घोळवायला घेतला. मुळात तपकिरी होते, ते आता काजळासारखे काळे झाले.

"काळे हायेत ते काळे दिसू द्या," ती म्हणाली. "आन् माझे हायेत ते माझे म्हणा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

ते राहिले. रुखवत गेलं ते त्यांच्यावाचून. मी हळदीच्या अंगानं ओसरीवर बसले होते आणि नवऱ्याच्या बिऱ्हाडाकडून वाजंत्री ऐकू येत होती. वाजंत्री थांबली की नाव घेतल्याचा आवाज यायचा. द्वारकाबाईच्या हातचे बुंदीचे लाडू. पलीकडच्या घरातल्या सखुबाईच्या हातचे अनारसे, जे तळताना अर्धे जळाले होते आणि मी स्वतः बघितले होते. नाव, मग वाजंत्री, मग पुन्हा नाव. माय आत कोठीच्या खोलीत परात मांडीवर घेऊन बसली होती आणि तिलाही ते सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी माझ्या मनात जो राग भरला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

दिवस मावळताना लग्न लागलं. मायनं अक्षता टाकल्या त्या कोठीच्या दाराच्या फटीतून. त्या माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांची पंगत होती. मी पहाटेच मायच्या पाया पडायला कोठीत गेले आणि निघताना परातीतला एक लाडू पळसाच्या पानात बांधून कमरेला खोचला. तिनं बघितलं. गाठ तेवढी नीट केली.

मांडवात पाटावर तातेराव आणि शेजारी मी. समोरच्या ओळीत मधोमध माझी सासू नानीबाई, तिच्या दोन्ही बाजूंना वारंग्याच्या बाया, पलीकडं पुरुष. नानीबाई उंच, करारी, नाकात मोठी नथ. तिच्याकडं बघूनच लोक आपली मांडी सावरून बसत होते. बुंदी वाढून झाली आणि बायकांनी गलका केला की आता घास द्या, नावं घ्या. तातेरावांनी मला बुंदीचा घास दिला आणि कसंबसं नाव घेतलं. मग माझी पाळी आली.

मी पानातली बुंदी बाजूला सारली, कमरेची पुडी काढली आणि सोडली. एव्हाना लाडू अंगाच्या उबेनं मऊ झाला होता आणि माझी बोटं काळी झाली. मोठी माय खांबापाशी उभी होती, तिच्या हातातलं पातेलं कलंडलं. तातेरावांना मी धड पाहिलं होतं ते आदल्या दिवशी. त्यांनी माझ्या हातातल्या काळ्या गोळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. माणूस बरा आहे हे मला तिथंच कळलं.

"चुलीपुढून उठवलं, ऊन कोणी अडवलं," मी म्हणाले, "शकुबाईच्या हातचं गोड तातेरावांना भरवलं."

नवऱ्याच्या नावात मायचं नाव घातलेलं आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माणिकराव पाण्याचा तांब्या घेऊन होते तिथंच थबकले. तेवढ्यात समोरच्या ओळीतला तातेरावांचा म्हातारा चुलता, दगडोबा त्याचं नाव, पुढं वाकला, डोळे बारीक करून माझी काळी बोटं बघितली आणि हळूच, आशेनं विचारल्यासारखं म्हणाला, "आफू हाय का काय?"

कोठीच्या दारामागं कोणी तरी हसलं. मोठ्यानं, पोटातून. मांडवभर ते हसू सगळ्यांना ऐकू गेलं. ते माझ्या मायचं हसू होतं, बाप गेल्यानंतरचं पहिलं. मलाही हसू आलं आणि त्याच्यासोबत डोळ्यांना पाणी आलं, आणि बोटं काळी असल्यामुळं मी ते पुसूही शकले नाही. बापाचं बोलणं खरं झालं होतं आणि ते ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो.

तातेराव सावकाश चावत होते. आपली बायको आणि सासू दोघी वेड्या निघाल्या असं त्यांना वाटलं असणार. घास गिळून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आफू न्हाई, काका. पर अजून एक भेटला तर पायजे."

कोठीचं दार उघडलं आणि माय बाहेर आली. मोकळ्या कपाळानं, दोन्ही हातांत परात धरून, पुजलेल्या चुलीवरून, मुहूर्तमेढीवरून, भरल्या मांडवाच्या मधोमध. मोठी माय तिला अडवायला एक पाऊल पुढं आली. मग काय झालं कोण जाणे, ते पाऊल तिनं मागं घेतलं आणि वाट दिली. मायनं पहिला लाडू जावयाच्या पानात वाढला. मग ओळीनं निघाली.

काहींनी घेतला. काहींनी आधी नानीबाईकडं बघितलं. माय नानीबाईसमोर आली आणि लाडू उचलला, तसा नानीबाईनं पानावर आडवा हात केला. नको म्हणायची ती रीत. माय तसाच हात पुढं करून जरा वेळ उभी राहिली. नानीबाईनं हात काढला नाही. तिच्या शेजारच्या बायांनीही आडवे हात केले. माय पुढं सरकली, चेहऱ्यावर काही न दाखवता, आणि शेवटच्या माणसापर्यंत वाढत गेली. दगडोबांनी दोन घेतले. त्या रात्री वाटेत मुक्कामाला सगळे झोपले तरी हा म्हातारा टक्क जागा होता आणि न मागता सगळ्यांच्या बैलांना वैरण घालत होता, असं पुढं कळलं. माणिकरावांनीही एक खाल्ला, सगळ्यांकडं पाठ करून. आज ते सांगतात की लाडू त्यांनीच करायला सांगितले होते.

निघायची वेळ झाली. मोठ्या मायनं ओटी भरली, नारळ, तांदूळ, हळकुंड, खण, सगळं रीतसर. मग माय आली. ओटी भरणं हे सवाष्णीचं काम, आणि तरी कोणी तिला अडवलं नाही. उलट ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून मोठ्या मायनंच माझ्या पदराची दोन टोकं धरून ठेवली. मायनं ओल्या फडक्यात आणि पळसाच्या पानांत बांधलेले उरलेले लाडू त्या तांदळांवर ठेवले.

"ह्याला कुंकू लागत न्हाई," ती म्हणाली. एवढंच. मी तिच्या गळ्यात पडले, तिला डाळ्याचा आणि तुपाचा वास येत होता.

साखऱ्याहून वारंगा म्हणजे बैलगाडीनं मुक्कामाची वाट. दुसऱ्या दिवशी हिंगोली मागं टाकली आणि ऊन चढलं तसे गाडीवानांनी ओढ्याकाठच्या लिंबाखाली बैल सोडले. जेवणं झाली. पुरुष सावलीत आडवे झाले, वारंग्याच्या बायाही पदर तोंडावर घेऊन झोपल्या. गाडीत मी आणि नानीबाई दोघीच बसलो होतो. माझ्या ओटीतून तो वास येत होता आणि मला घरची आठवण छळत होती.

बराच वेळ गेल्यावर नानीबाईनं आजूबाजूला बघितलं. मग दुसरीकडं तोंड करून म्हणाली, "पारू, ते तुझ्या ओटीतलं काय हाय, त्यातला एक दे बरं."

मी फडकं सोडलं, पानं उघडली. लाडू जरा बसले होते पण शाबूत होते. गुपचूप देऊन टाकायला हवा होता. मी कालची नवरी, हिच्या हाताखाली जन्म काढायचा, आणि हिनं तोंडानं मागितलं होतं. कोणीही शहाणी सून असती तर तिनं दिला असता. मी पानं पुन्हा मिटली.

"मांडवात मायनं वाढला तवा तुमी आडवा हात केला," मी म्हणाले. "आता पायजे असंल तर तिच्या नावानं मागा."

नानीबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. नथ हलायची थांबली. मला वाटलं आता थोबाडीत बसते, नाहीतर गाडी उलटी फिरवून मला साखऱ्याला नेऊन घालते. तरी मी पुडीवरचा हात काढला नाही. बैल खाली रवंथ करत होते. झोपलेल्या बायांपैकी एकीनं कूस बदलली आणि डोळे उघडून आमच्याकडं बघायला लागली. नानीबाईला ती दिसली. आता ही गप्प बसणार, असं मी धरून चालले.

तिनं पदर सारखा केला, हात पुढं केला आणि ती बाईच काय, लिंबाखालच्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शकुबाईच्या हातचा एक लाडू दे."

मी दोन दिले.